स्प्रिंगा-पिनांना कोण विचारतंय? कायदा विचारतो!

गेले काही दिवस ग्रुपाग्रुपांतून एक दावा फिरतोय. तो थोडक्यात असा: अमेरिकेत लोक रायफल घरीच जोडतात, त्यांना कुणी विचारत नाही. बंदूक म्हणजे फक्त नंबर असलेली बॉडी. ट्रिगर, स्प्रिंगा, पिना हे सगळं हार्डवेअर. मग असे सुटे भाग आपण मागवून घरी बसवले तर गुन्हा कसला? व्हिडिओ बघून तासाभरात जमतं. आणि एअर रायफलला तर लायसन्सच नाही.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. तिथूनच सुरुवात करू.

एआर-१५ जातीच्या रायफलीत ‘लोअर रिसीव्हर’ (ट्रिगर बसतो ती खालची बॉडी) हा भाग अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक मानला जातो, आणि नळी, ट्रिगरसारखे बहुतेक भाग टपालाने घरपोच येतात, हे बरोबर. पण तो लोअर दुकानातून घ्यायचा तर परवानाधारक विक्रेत्याकडे फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. नळी १६ इंचांपेक्षा आखूड ठेवायची तर १९३४ च्या कायद्याखाली आधी नोंदणी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत घरी बनवलेल्या बंदुकीलाही सीरियल नंबर लागतो. अर्धवट बनवलेले, नंबर नसलेले लोअर किटमध्ये घालून विकायची पळवाट होती. तिच्यावरचा २०२२ चा केंद्रीय नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला. आणि छोट्या भागांचंच बोलायचं तर, रायफल फुल-ऑटो करणारा, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतील अशी करणारा, ‘ऑटो सिअर’ तळहातावर मावतो. तो नुसता जवळ बाळगला तरी तिथला कायदा त्याला मशीनगन समजतो. कुणी विचारत नाही म्हणे!

आता आपल्याकडे. शस्त्र अधिनियम, १९५९ उघडा. कलम २ मधल्या व्याख्येतच अग्निशस्त्रात त्याचे भाग येतात, ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ‘बॉडी तेवढी बंदूक’ हा अमेरिकी हिशोब इथे चालतच नाही. कलम ५ सांगतं की शस्त्र बनवणं, विकणं, त्यात फेरफार करणं, दुरुस्त करणं, इतकंच काय चाचणी घेणं, यातलं काहीही परवान्याशिवाय करायचं नाही. बाहेरून मागवायचं तर कलम १० खाली आयातीचा परवाना वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

यावर कुणीतरी हुशार माणूस कलम ४५ काढतोच, आणि त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. शस्त्राचे किरकोळ भाग जवळ बाळगायला त्या कलमात खरोखर सूट आहे. पण वाक्य पूर्ण वाचा: ते भाग, स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कुणाजवळच्या पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. रद्दीच्या डब्यात आजोबांच्या बंदुकीची एखादी गंजकी स्प्रिंग सापडली, तर ही सूट तुमच्या कामाची. रायफल जोडायला म्हणून पिनांचा संच मागवला, तर इरादा तुम्हीच ऑर्डरमध्ये लिहून दिलात.

‘तासाभरात जमतं’ हे मात्र कायद्याहून जास्त खटकतं, कारण कायदा बाजूला ठेवला तरी ते चूक आहे. लोअरमध्ये डिटेंट नावाची एक खिळी असते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, आणि तिच्यामागे स्प्रिंग. बोट निसटलं की ती कुठे उडेल सांगता येत नाही. अमेरिकेतले हौशी लोक ती जादा मागवून ठेवतात. पण उडालेला भाग निदान दिसतो तरी. काळजी असते ती जागेवर बसल्यासारख्या वाटणाऱ्या भागाची. ताणलेला घोडा ट्रिगरच्या यंत्रणेत एका बारीकशा कडेवर अडकलेला असतो. ती कड पुरती धरली नाही तर बंदूक बाहेरून ठणठणीत दिसते, रिकामी चालवून पाहिली तर ‘टक’ असा नेहमीचाच आवाज येतो, पण ट्रिगर न दाबताही गोळी सुटू शकते.

रेमिंग्टन ७०० चं उदाहरण घ्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली परत मागवल्या. १ मे २००६ पासून ९ एप्रिल २०१४ पर्यंत बनलेल्या, ‘एक्स-मार्क प्रो’ ट्रिगरच्या. कारण काय, तर ट्रिगर जोडताना काहींत चिकटद्रव्य जास्त पडलं होतं, आणि त्यामुळे काही परिस्थितीत ट्रिगर न दाबताही गोळी सुटू शकत होती. कारखाना, प्रशिक्षित कामगार, तपासणी विभाग, सगळं असून आठ वर्षं हे चाललं. आणि रीलवाला म्हणतो स्वयंपाकघराच्या टेबलावर तासाभरात जमतं.

एअर रायफलचा दावा पटकन निपटतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमी किंवा त्याहून कमी बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ताकद, एवढ्यालाच लायसन्समधून सूट. ५.५ मिमीची घेतलीत की लायसन्स लागलं. ४.५ चीच घेऊन ‘पॉवर स्प्रिंग’ बसवून २० ज्यूल ओलांडले, की सूट गेली आणि वर कलम ५ खाली फेरफारही झाला.

प्रतिक्रियांत आणखी एक दाखला दिसला: आमच्या कोकणात ठासणीच्या बंदुका लोक घरीच दुरुस्त करतात की! करत असतील. डुकरं-माकडं भातात, बागेत घुसतात तिथे शेतीसंरक्षणाची बंदूक लागते, आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कलम १३ मध्येच आहे. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा, दुरुस्तीचा नव्हे. साफसफाई, तेलपाणी खुशाल करा. घोड्याची कमान बदलायची असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात न्या, जाताना लायसन्सची मूळ प्रत बरोबर ठेवा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना लायसन्सवरचा नंबर ताडून बघतात. तेव्हा काही प्रश्न निघालाच, तर रील नाही, ती पावती उपयोगी पडते.