बिऱ्हाड कुठनं उचलायचंय?

गेल्या रविवारी जागा बदलली. कर्वेनगरातून वारज्यात, म्हणजे काही देशांतर नव्हे. ॲपवर टेम्पो बुक करताना ‘टू बीएचके शिफ्टिंग, सेमी फर्निश्ड, लिफ्ट आहे/नाही’ अशा सगळ्या चौकटींवर टिचक्या मारून झाल्या होत्या. सकाळी सातला फोन वाजला. बार्शीकडचा खणखणीत आवाज : “दादा, बिऱ्हाड कुठनं उचलायचंय?”

पत्ता सांगायचं सोडून मी दोन सेकंद गप्पच झालो. बिऱ्हाड! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

वडील पाटबंधारे खात्यात. दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यामुळे आमच्याकडे काळ मोजायचं माप बिऱ्हाड हेच. “हा सांगलीच्या बिऱ्हाडी असताना झाला”, “ही कढई पंढरपूरच्या बिऱ्हाडात घेतलेली”. एक काळी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने वडिलांचं नाव आणि खाली गावाचं नाव. बदली झाली की वडील जुन्या गावावर काळा रंग फासायचे, वाळला की वर नवं गाव लिहायचे. चार थरांनंतर तिथे एक गुळगुळीत उंचवटा झाला होता आणि तिरप्या उजेडात खालचं ‘सांगली’ बोटाला आणि डोळ्याला दोन्हीला लागायचं.

पंढरपुरात आम्ही राहायचो तो वाडा नऊ बिऱ्हाडांचा. घरांचा नाही, खोल्यांचा नाही, बिऱ्हाडांचा. वरचं बिऱ्हाड, मागचं बिऱ्हाड, आमचं जिन्याखालचं. मालकीणबाई आईला शेवटपर्यंत ‘जिन्याखालच्या वहिनी’ म्हणाल्या. एखाद्या खोलीत दोन भाऊ एकत्र जेवत असले तर ते एक बिऱ्हाड, आणि धाकट्याने पडदा लावून पलीकडे स्टो मांडला की त्याच दिवशी दोन बिऱ्हाडं. भिंत एक इंचही हललेली नसायची. हा शब्द माणसं मोजतो, चूल मोजतो, भांडीकुंडी मोजतो. विटा मोजत नाही.

शब्द मुळात कानडी. आपण तूप खातो, अडकित्त्याने सुपारी कातरतो, अण्णा-अक्का म्हणतो, त्याच गोतातला हा. कानडीत ‘बिडार’ म्हणजे मुक्काम, तळ, उतरायची जागा. मागे शिवमोग्ग्याहून तीर्थहळ्ळीच्या रस्त्याने जाताना सक्रेबैलूचा हत्ती कॅम्प पाहिला. तिथे त्याला ‘आने बिडार’ म्हणतात. आने म्हणजे हत्ती. म्हणजे हत्तींचं बिऱ्हाड! मी गाडीत मोठ्याने हसलो, बायकोला वाटलं हत्तीला पाहून हसतोय.

बिडारचं बिऱ्हाड कसं झालं याचा मधला पुरावा आपल्याच घरात आहे. जुन्या मराठीत हा शब्द ‘बिढार’ असा येतो. लीळाचरित्रात, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, चक्रधरस्वामी गावोगाव फिरताना जिथे उतरतात ते त्यांचं बिढार. कधी मठ, कधी देऊळ. पुढे बोलता बोलता ‘ढ’मधला ‘ह’ सुटला, ‘र’ने पुढची जागा धरली, ‘ड’ मागे गेला आणि झालं बिऱ्हाड. नुकसानचं नुस्कान करणाऱ्या आपल्या जिभेला यात काय अवघड? तर ‘घर ना दार, देवळी बिऱ्हाड’ ही म्हण आज आपण कोणाची तरी कीव करत म्हणतो, पण ज्यांनी घर-दार आपणहून सोडलं त्यांचं बिढार खरोखरच देवळात असायचं.

दुसरी म्हण सगळ्यांना पाठ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अर्थ काय, तर सडाफटिंग माणूस, ना सामान ना सुमान. मीही असंच समजत होतो. मग एकदा शेतावर दगड उलटला आणि खाली विंचवीण दिसली, पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा नुसता लगडा. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लंच होतात आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात. म्हणजे तिचं बिऱ्हाड म्हणजे वळकटी नव्हे, लेकरं! ज्याने कोणी ही म्हण केली त्याने दगड उलटून नीट बघितलं होतं. सडाफटिंग कसली, चांगली लेकुरवाळी आहे ती.

हाच अर्थ गिरणगावात होता. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गडी वर्षानुवर्षं दहा-पंधरा जणांबरोबर एका खोलीत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा. तो मुंबईत ‘राहायचा’, पण त्याने ‘बिऱ्हाड केलेलं’ नसायचं. बायकोपोरांना गावाहून आणलं, चूल मांडली, की मग म्हणायचे, अमक्याने मुंबईत बिऱ्हाड केलं. मालकीचा प्रश्नच कुठे येत होता त्यात?

आणि माझा मुद्दा नेमका हाच आहे. आज मी म्हणतो, “आम्ही रेंटवर राहतो.” आणि म्हणताना आवाज आपोआप अर्धी पट्टी खाली जातो. समोरचा लगेच विचारतो, “मग स्वतःचं कधी घेताय?” सोसायटीच्या रजिस्टरात दोनच रकाने, ओनर आणि टेनंट. माझी मुलगी परवा मैत्रिणीला सांगत होती, “हे आमचं घर नाहीये, भाड्याचं आहे.” मला टोचलं. भाड्याचं काय? भिंती भाड्याच्या. आजीचा फोटो, पोळपाट, तिचा तो विस्कटलेला कप्पा, रात्री बाराची भांडणं, हे सगळं भाड्याने आणलंय की काय? पूर्वी तिला एक सरळ उत्तर होतं. “इथे आमचं बिऱ्हाड आहे.” त्यात खोटं काही नाही आणि कमीपणाही नाही.

कायद्याने तर आता आम्ही भाडेकरूसुद्धा उरलो नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस म्हणजे लायसन्सी, परवानाधारक. भाडंसुद्धा भाडं नाही, ‘लायसन्स फी’. मुदत संपली आणि जागा सोडली नाही तर नुकसानभरपाई दुप्पट दराने, असं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात स्वच्छ लिहिलंय. (त्या अकरा महिन्यांची गंमत वेगळीच. वर्षाच्या आत करार बसवला की नोंदणी टळते, ही जुनी युक्ती. महाराष्ट्रात आता करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. तरी अकराचा आकडा आपण काही सोडत नाही.)

वाड्यांचे गोडवे मी गात नाहीये. नऊ बिऱ्हाडांत दोन संडास होते, सकाळी बादली धरून रांगेत मी उभा राहिलोय. पोटमीटरवरून मालकांनी आमचा दिवा आठ दिवस तोडला होता. आणि मालकांचंही ऐकायला हवं : १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच, पाच-दहा रुपयांत कौलं कोण शाकारणार? वाडे पडले ते उगाच नाही. पडू देत. पण वाड्याबरोबर शब्दानेही का पडावं? तो वाड्याचा नव्हताच, आमचा होता.

अजून तो पूर्ण गेलेला नाही म्हणा. आई हॉलमध्ये आली की म्हणतेच, “काय हे बिऱ्हाड मांडून ठेवलंय!” आणि मागण्या घेऊन लोक बायकापोरं, भांडीकुंडी घेऊन चालत निघतात तेव्हा पेपरवाले ‘बिऱ्हाड मोर्चा’च लिहितात. तिथे ‘टेनंट मोर्चा’ लिहून बघा बरं.

तर तो टेम्पोवाला. चहा घेताना त्याला विचारलं, तुम्ही कुठे राहता? म्हणाला, “बिऱ्हाड गावाकडंच हाय. हितं मी एकटाच, टेम्पोतच झोपतो.” आमचं शेवटचं खोकं वर चढवून झाल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, जूनमध्ये थोरला पहिलीला जाईल, त्याच्या आत बिऱ्हाड आणायचंय, दादा, एखादी खोली असंल तर बघा की.

वारजे, माळवाडी, शिवणे कुठेही चालेल. एक खोली आणि ओटा पुरे, टेम्पो लावायला जागा हवी, डिपॉझिट जरा बेताचं. नवरा-बायको आणि दोन पोरं, चौघांचं बिऱ्हाड आहे. कोणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा.