मला आवडते हो, पण लोकांना चालणार नाही!

आज दुपारी इथे न्यू जर्सीत एडिसनमध्येच एका मित्राकडे मिसळीला जमलो होतो. विषय अर्थातच अमेरिकेची 2028 ची अध्यक्षीय निवडणूक, आणि आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाने कोणाला उभं करायचं. आपल्यातलाच एक जण, चांगला शिकलासवरलेला, तर्रीत पाव बुडवत म्हणाला, "हे बघा, आता बाई नको. हिलरी आणि कमला, दोनदा हात पोळलेत. गोरा, उंच, पन्नाशीतला पुरुष शोधा आणि विषय संपवा."

मी विचारलं, तुला स्वतःला कोण आवडतं? तर त्याने एका बाईचंच नाव घेतलं! मग एकेकाला विचारत गेले. बहुतेकांची पसंती तीच. आणि प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, तिला मत देणार का म्हटलं तर सगळ्यांच्या माना आडव्या. "आम्हाला आवडते हो, पण लोकांना चालणार नाही." अरे, कोण लोक? मिसळ खायला बसलेत ते कोण आहेत मग?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागेल.

2016 च्या ऑक्टोबरात आम्ही काही जण शनिवारी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनला हिलरी क्लिंटनच्या प्रचाराला जायचो. न्यू जर्सी खिशात होती, पेनसिल्व्हेनियाचा भरवसा नव्हता. एका घरी पायरीवर भोपळा ठेवलेला. दार उघडलं ते नर्सच्या कपड्यातल्या बाईंनी, एक बूट पायात, दुसरा हातात. "देईन की मत. दुसरं आहे कोण?" नवरा? त्याची मंगळवारी शिफ्ट. तेव्हा त्या राज्यात ठोस कारण दिल्याशिवाय टपालाने मत देता येत नव्हतं. मागे सोफ्यावर विशीतला मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, "ती तर जिंकतेच आहे ना?" आणि पुन्हा खेळात.

मी फोनवरच्या यादीत तिघांपुढे 'समर्थक' अशी खूण केली आणि पुढच्या दाराकडे गेले.

आता कोणी म्हणेल, बघ, बाई होती म्हणून हरली. थांबा जरा. 2016 ला हिलरीला उमेदवारी मिळाली ती कशावर? 'हीच जिंकू शकते' यावरच ना! तिच्याविरुद्ध प्रायमरीत उभ्या असलेल्या बर्नी सँडर्सच्या सभांना पोरं लोटत होती, तर आपण म्हणायचो, तो स्वप्नाळू म्हातारा, त्याला कोण निवडून देणार. भारतात पक्ष तिकीट वाटताना 'इलेक्टिव्ह मेरिट', म्हणजे निवडून यायची क्षमता, बघतात, तेच हे. त्या मेरिटचं काय झालं? देशभरात ट्रम्पपेक्षा 28 लाखांवर मतं जास्त मिळाली, पण इथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या हिशेबाने ठरतो, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून 80 हजारांच्या आत गाडी अडकली. विस्कॉन्सिनला तर उमेदवारी मिळाल्यावर ती एकदाही फिरकली नाही. जिंकतेच आहे म्हटल्यावर सोफ्यावरचा तो पोरगा तरी कशाला उठेल?

2004 ला हेच. उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीनसाठी पोरं वेडी झाली होती, पण आपण शहाणे. जॉन केरी घ्या, व्हिएतनामची पदकं आहेत, बुश त्याला काय बोलणार? त्या पदकांवरच चिखलफेक झाली. स्थळ बघताना मुलीला पसंत आहे का ते सोडून आत्याला चालेल का, शेजारी काय म्हणतील, असलं सगळं विचारायचं, तसला हा प्रकार. आणि मग संसारात रस नाही म्हणून मुलीलाच बोल लावायचे.

आणि ओबामा? आयोवासारख्या जवळपास सगळ्या गोऱ्या राज्यात 3 जानेवारी 2008 ला तो उमेदवारीची पहिली लढत जिंकेपर्यंत 'मधलं नाव हुसेन असलेल्या माणसाला कोण मत देणार' हे आपल्याच घरांतून ऐकलंय मी. त्याने त्या वर्षी इंडियाना घेतलं. 1964 नंतर तिथे डेमोक्रॅट जिंकलाच नव्हता.

बरं, मान्य, 1972 ला आपला उमेदवार मॅकगव्हर्नच्या मागेही तरुण मंडळी होती आणि त्याने एकच राज्य जिंकलं. आणि हो, 2020 ला बायडनला 'हाच जिंकेल' म्हणूनच उभं केलं आणि तो जिंकला. मिळालं समाधान? पण लोक बायडनच्या प्रेमापोटी रांगेत उभे होते असं मला कोणी सांगू नका. ट्रम्प नको म्हणून उभे होते.

2024 ला कमला हॅरिसच्या सभांना गर्दी होती आणि तरी ती हरली, हेही माहीत आहे. पण बायडनने जुलैत माघार घेईपर्यंत आपण सगळे काय करत होतो? 'म्हाताराच सेफ आहे' म्हणत गप्प बसलो होतो. तिला मिळाले जेमतेम साडेतीन महिने. आपली न्यू जर्सी बायडनने 2020 ला 16 टक्क्यांच्या फरकाने घेतली होती, ती 6 वर आली. माझं दार कोणीही वाजवलं नाही. इथे कशाला, हे राज्य आपलंच!

खरं सांगू, त्या मित्राचाही फार राग नाहीये. घाबरलाय तो. गेली काही वर्षं अशी गेलीत की हरायची भीती वाटणारच, मलाही वाटते. लेव्हिटाउनच्या त्या बाई तरी वेगळं काय करत होत्या? ड्युटीला निघताना, एक बूट हातात धरून, कोणा परक्या बाईला नाइलाजाने हो म्हणत होत्या. त्या गेल्याही असतील मत द्यायला. पण नवऱ्याला शिफ्ट बदलून घे म्हणाल्या असतील? पोराला ओढून नेलं असेल? आवडत्या माणसासाठी करतो आपण एवढं.

आपल्याकडची प्रायमरी एरवी जूनमध्ये असते, तोवर बाकीच्या राज्यांनी सगळं ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे आपल्या 'सेफ' मताने तसाही काही फरक पडत नाही. मग निदान आवडती तरी निवडा की!

आणि कमेंटमध्ये 'प्रॅक्टिकल हो' लिहिणाऱ्यांनी आधी स्वतःला कोण आवडतं त्याचं नाव लिहावं. मिसळवाल्या, तूसुद्धा.