बेळगावचं गाणं जाहिरातीत कसं जाईल?

बेळगावच्या संगीत करणाऱ्या पोरांमध्ये एक तक्रार कायम ऐकू येते. मुंबईच्या जाहिरातवाल्यांना आम्ही कर्नाटकातले वाटतो, बंगळूरवाल्यांना मराठी वाटतो, त्यामुळे आमची गाणी दोन्हीकडे पडून राहतात. दुसरा गट म्हणतो, सीमाप्रश्नाचा इथे काय संबंध? वशिला असल्याशिवाय या धंद्यात कुणी उभं करत नाही. मी टिळकवाडीत वाढले आणि आता लंडनच्या सोहो भागात जाहिरातींचं एडिटिंग करते. कुणाचं ना कुणाचं संगीत चित्राखाली लावून बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून या वादात मला बोलायचं आहे.

पहिल्या गटाचं दुखणं खरं आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन असतो. मराठीतून सरकारी कागद मिळावा ही मागणी न्याय्य आहे, ती लावून धरलीच पाहिजे. पण गाण्याचा व्यवहार त्या निकालाची वाट बघत का थांबवायचा?

आधी इथे लंडनमध्ये संगीत निवडलं कसं जातं ते सांगते. चित्रीकरण हाती आलं की एडिटर पहिल्याच दिवशी त्याखाली काहीतरी तात्पुरतं संगीत लावतो, कारण ठेक्याशिवाय कट बसत नाहीत. मग क्लायंट पुन्हा पुन्हा तेच ऐकतो आणि ते त्याच्या कानात बसतं. म्युझिक सुपरवायझर, म्हणजे जाहिरातीसाठी संगीत शोधून त्याचे हक्क मिळवणारी, पर्याय घेऊन येते, तोवर मन बरंचसं ठरलेलं असतं. ज्याचं संगीत एडिटरच्या हार्डडिस्कवर आधीच पोचलंय, त्याला पहिली संधी मिळते. तिथे ते ओळखीनेच पोचतं, वशिलावाल्यांचं एवढं बरोबर आहे. पण ही ओळख कुणा मामाच्या चिठ्ठीने होत नाही. मागच्या वेळी ज्याच्यामुळे काम अडलं नाही, त्याचा नंबर लोक जपून ठेवतात.

आणि काम अडतं ते हक्कांवर. गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. जाहिरातीला दोन्हींची परवानगी लागते.

गेल्या वर्षी वडगावच्या एका मुलाने मला एक ट्रॅक पाठवला. यल्लम्माच्या भक्तांचं चौंडकं हे तंतुवाद्य, तुणतुणं आणि मागे यंत्रमागाचा खटखट ठेका. तो मी एका जाहिरातीखाली लावला आणि सुपरवायझरने तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला सांगितला. संध्याकाळी तिने विचारलं: गायकाचा आवाज वगळलेली आवृत्ती आहे का, प्रत्येक वाद्याची वेगळी फाईल आहे का, मास्टर कुणाचं, शब्द कुणाचे? फाईलचं नाव होतं ‘फायनल न्यू टू’. शब्द सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर ऐकलेले. पारंपरिक म्हणावेत, तर शेवटची दोन कडवी गावातल्या एका मावशींनी रचलेली. रेकॉर्डिंगचा खर्च स्टुडिओवाल्याने केलेला. कागद एकही नाही. मुलगा रात्रभर फोन करत राहिला. सकाळी तिथे दुसरंच संगीत लागलं, बेताचंच, पण त्याचे सगळे हक्क एका ईमेलवर मिळत होते. मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या मावशींसाठी. त्यांची कडवी इथल्या पडद्यावर वाजली असती, त्यांच्या हातात पैसे आले असते.

म्हणून पोरांनो, रेकॉर्डिंगच्या दिवशीच कुणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी ही संस्था १९६९पासून आहे. आपल्याकडे जाहिरातीसाठी बहुधा जिंगल करून घेतात आणि एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घेतात. इथे बहुतेकदा ठरावीक माध्यम, ठरावीक देश आणि ठरावीक मुदत यांचेच पैसे मिळतात. मुदत वाढवायची तर पुन्हा पैसे. आपला कॉपीराइट कायदाही इतका दुबळा नाही. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबा.

परदेशात सगळं छान आहे असं समजू नका. इथे ‘भारतीय संगीत’ म्हटलं की सतार मागतात. चौंडकं काय असतं ते मला प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि चांगल्या ट्रॅकलाही महिनोन्‌महिने उत्तर येत नाही.

तुमच्याकडे जे आहे ते मात्र माझ्याकडे इथे नाही. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही सुमारे पाचशे किलोमीटरवर. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी बंगळूर. दोन्हीकडच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणारा संगीतकार आणखी कुठे सापडेल? ही मिसळण आजची नाही. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडा. पदावर मूळ चाल दिलेली असते, त्यात कन्नड पदं दिसतील. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले आणि देवासला राहिले.

तरीही आपल्याच गावात कन्नड जिंगल केलेल्या मराठी पोराला ‘गद्दार’ म्हणणारी माणसं आहेत. कन्नड पोराने मराठी गाणं केलं तर त्यालाही तेच ऐकावं लागतं. याचा मला संताप येतो. भाषेसाठी लढणाऱ्या माणसाने कष्टाने कमावणाऱ्या कलाकाराचं दार बंद करायचं, यात भाषेचा कसला फायदा?

तेव्हा दोन्ही शहरांत जा. मोठ्या दिग्दर्शकाच्या मागे लागू नका, त्याच्या सहायक एडिटरला भेटा. काही वर्षांनी तोच मुख्य खुर्चीवर बसतो. तीनच ट्रॅक पाठवा, प्रत्येकाची तीस सेकंदांची आवृत्ती करा, फाईलमध्ये नाव, नंबर आणि हक्क कुणाचे ते भरा. नकार आला तरी आभाराच्या दोन ओळी लिहा. मलाही पाठवा, मी ऐकेन. पण त्याआधी खडेबाजारातल्या कुंदावाल्याला, उद्यमबागेतल्या कारखानदाराला, निपाणीच्या सराफाला ऐकवा. एक वर्ष, एक जिल्हा, रक्कम कितीही लहान असो, करार लेखी करा.