‘सरळ फॉरमॅट मारलं, अर्ध्या तासात काम झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बूट न होणाऱ्या लिनक्सवरचा माझा लेख वाचून तुम्ही तो रात्री दोन वाजेपर्यंत करूनही बघितलात आणि मग जे झालं ते जसंच्या तसं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही सांगितलेला प्रकार मला माझ्या जुन्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून बघायचा होता.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन आणि मिंट ही दोन लिनक्स शेजारी शेजारी आहेत. विंडोजच्या काळातलं एक रिकामं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) तुम्ही उडवलंत आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आलं (ग्रब म्हणजे मशीन चालू होताच लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम). माझ्या लेखाप्रमाणे पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम (डिस्कवर न बसवता चालणारं लिनक्स) चालू केलीत, ग्रब नव्याने बसवायला गेलात, तर ‘ईएफआय डिरेक्टरी सापडत नाही’ अशी एरर आली. शेवटी वैतागून डेबियन नव्याने टाकलंत. तुमचे तीन आक्षेप आहेत : लेख अर्धवट आहे, सामान्य माणसाने या भानगडीत न पडता सरळ फॉरमॅट मारावं, आणि स्क्रीनवर सगळं इंग्रजीच येतं तर मराठीत समजावून उपयोग काय.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. चूक माझी आहे आणि त्यात तुमची रात्र गेली, याचं मला वाईट वाटतं. 2012 च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मशीन चालू करण्याची जुनी बायोस पद्धत आणि नवी यूईएफआय, दोन्ही असतात. तुमच्या हार्ड डिस्कवरचं डेबियन जुन्या पद्धतीने बसवलेलं होतं, पण पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने चालू झाला. ग्रब बसवणारी आज्ञा तुम्ही आत्ता कोणत्या पद्धतीत आहात ते बघते आणि त्याप्रमाणे चालते. म्हणून ती तुमच्या डिस्कवर कधी नव्हतंच असं ईएफआय पार्टिशन शोधत बसली. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. तुम्हाला नुसता निवडायला हवा होता. हे एक वाक्य माझ्या लेखात नव्हतं. काल घातलं आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे घातलं असंही तिथे लिहिलं आहे.

पण खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत पेनड्राइव्हची गरजच नव्हती, आणि ही माझ्या लेखातली त्याहून मोठी उणीव आहे. नेमकं काय बिघडलं होतं ते बघा.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या 512 बाइटांत सगळा कारभार असतो. त्यात पार्टिशनचा तक्ता धरून बूट करणाऱ्या कोडला उरतात जेमतेम 446 बाइट. एवढ्यात पूर्ण ग्रब मावत नाही. म्हणून त्याचा छोटा गाभा लगेच पुढच्या मोकळ्या जागेत ठेवतात आणि मेनूसकट बाकीचं सगळं डेबियनच्या पार्टिशनमध्ये, बूट फोल्डरच्या आत असतं. त्या गाभ्याला एकच गोष्ट पाठ असते : ‘बाकीचं सामान सात नंबरच्या पार्टिशनमध्ये आहे.’ तुम्ही उडवलेलं पार्टिशन पाच नंबरचं होतं. या जातीच्या डिस्कवर पाचपासून पुढचे नंबर लॉजिकल (एका मोठ्या पार्टिशनच्या आत केलेल्या) पार्टिशनचे असतात आणि त्यातलं एक गेलं की मागचे सगळे एकेक नंबर पुढे सरकतात. सहाचं स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पाच झालं, सातचं डेबियन सहा झालं. ग्रब सात नंबरचं दार शोधत राहिला आणि त्या नंबरचं दारच उरलं नव्हतं. डेबियनचा एक बाइटही हलला नव्हता.

ग्रब रेस्क्यूमध्ये मोजक्याच आज्ञा चालतात, पण त्या पुरतात. ‘एलएस’ टाइप करून एंटर मारलं की पार्टिशनं दिसतात. एकेकाच्या पुढे बूट आणि ग्रबचा मार्ग देऊन बघायचं. जिथे फाइलींची नावं येतात ते आपलं घर. मग ‘सेट’ वापरून ‘प्रीफिक्स’मध्ये तो मार्ग द्यायचा, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि त्यानंतर नुसतं ‘नॉर्मल’. मी माझ्या लॅपटॉपवर मुद्दाम पाच नंबरचं पार्टिशन उडवून हे केलं. शेवटचं एंटर मारलं आणि नेहमीचा निळा मेनू समोर आला. आत गेल्यावर ग्रब एकदा डिस्कवरच (एखाद्या पार्टिशनवर नाही) नव्याने बसवला की झालं. आत शिरल्यावर पुढे काही अडत नाही, कारण डेबियन स्वतःची पार्टिशनं नंबरावरून ओळखत नाही, प्रत्येकाच्या लांबलचक यूयूआयडीवरून, म्हणजे स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून, ओळखतं.

आता दुसरा आक्षेप. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय : ‘मिंट मात्र तेव्हापासून सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं जास्त घेतंय, डिस्क जुनी झाली असेल.’ डिस्क जुनी आहे हे खरं, तिची तपासणी जरूर करा. पण हा दीड मिनिट म्हातारपणाचा नाही, तो मोजून नव्वद सेकंदांचा आहे. सिस्टिमडी (लिनक्स उठताना एकेक गोष्ट सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिव्हाइसची वाट बघतं ते मुळात इतकाच वेळ. तुमची दोन्ही लिनक्स एकच स्वॅप वापरत होती. डेबियनचा इन्स्टॉलर असं स्वॅप दिसलं की ते आपणहून वापरायला घेतो आणि नव्याने फॉरमॅट करतो. त्याबरोबर त्याचा यूयूआयडी बदलतो. मिंटच्या एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) जुनाच नंबर आहे, म्हणून बिचारं मिंट दर वेळी नव्वद सेकंद जुन्या स्वॅपची वाट बघतं आणि मग त्याच्याशिवाय पुढे जातं. म्हणजे फॉरमॅटने एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं, तेही शेजारच्या घरात.

तुम्ही असंही लिहिलंय की गेलेल्या फाइली ‘फार महत्त्वाच्या नव्हत्या’. हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. फाइली गेल्यावर माणूस असंच म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. दुकानात त्यांना सांगितलं होतं, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करावं लागेल, डेटाची खात्री नाही. त्यात बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि वडिलांच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग. मी चालू करून फक्त बघत बसलो. काळ्या स्क्रीनवर तीन लाल चांदण्या डावी-उजवीकडे फिरत होत्या, शेजारी सेकंद मोजले जात होते आणि समोर लिहिलं होतं की एका अमुक यूयूआयडीच्या डिस्कची वाट बघतोय. नव्वद पूर्ण झाले आणि स्क्रीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबली. मी विचारलं, ‘मॅडम, एखादी बाहेरची हार्ड डिस्क लावता का तुम्ही?’ म्हणाल्या, ‘लावते की, पण ती घरी कपाटात आहे.’ कुणीतरी ती डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एफस्टॅबमध्ये एक ओळ घातली होती, पण त्या ओळीत ‘नोफेल’ लिहायचं राहिलं होतं. तो शब्द असला की डिस्क नसली तरी सिस्टिम पुढे जाते. नसला की डिस्क आल्याशिवाय सिस्टिम हलायला तयार नसते. एंटर दाबून आत गेलो, एक शब्द वाढवला, रीस्टार्ट केलं. रेकॉर्डिंग लागल्यावर त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत बराच वेळ.

म्हणून मी ‘आधी वाचा’ असा हट्ट धरतो. स्क्रीन कुठे अडली त्यावरून निम्मं निदान होतं. ग्रब रेस्क्यूवर अडली तर कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रोग्रामपर्यंत, गाडी पोचलेलीच नाही. कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ (कर्नलला सुरुवातीला लागणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) लिहिलेलं आलं तर कर्नल चालू झालाय, पण मुख्य पार्टिशन त्याला सापडत नाही किंवा उघडत नाही. कर्नल पॅनिकच्या ओळीत ‘अननोन ब्लॉक’ आणि पुढे दोन शून्यं दिसली तर बहुतेक वेळा अपडेटच्या वेळी बूट पार्टिशन भरलं होतं आणि इनिट्रॅमएफएसची फाइल अर्धवट लिहिली गेली. मेनूतून आधीचा कर्नल निवडा, मशीन चालू होतं. आणि सगळं सुरळीत जाऊन शेवटी नुसता काळोख पसरला तर ग्राफिक्सकडे बघा. यातल्या बहुतेक वेळा तुमच्या फाइलींना धक्का लागलेला नसतो, जोवर आपण स्वतः लावत नाही.

फॉरमॅट कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. मशीन प्रयोगाचं असेल, होम (तुमच्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल आणि ते न पुसण्याची काळजी घेतली असेल, तर जरूर करा.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल. स्क्रीनवर इंग्रजी येतं, म्हणूनच मराठीत लिहितो. ‘नो सच पार्टिशन’ यातले तिन्ही शब्द तुम्हाला कळत होते. कोण कुणाला शोधतंय आणि ते का सापडत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. यापुढे प्रत्येक संदेशाखाली तेवढं लिहीन.

आता तुमचं मिंट. टर्मिनलमध्ये ‘बीएलकेआयडी’ सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) चालवा आणि स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी कॉपी करा. एफस्टॅबची एक प्रत बाजूला ठेवून मग स्वॅपच्या ओळीत जुन्याच्या जागी हा नवा टाका. इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये ‘रिझ्यूम’ नावाची फाइल असेल तर तिथेही तोच बदल करा आणि इनिट्रॅमएफएस अपडेट करा. ही फाइल बरेच जण विसरतात आणि मग सुरुवातीलाच अर्धा मिनिट जातो. रीस्टार्ट करण्याआधी दोन्हीकडचे नंबर एकदा अक्षर न् अक्षर जुळवून बघा. तरीही अडलं तर स्क्रीनचा फोटो काढून इथेच टाका. या वेळी रात्री दोनपर्यंत एकट्याने बसू नका.