बोअरचं पाणी आणि पिवळं कमोड
एका लेखात वाचलं की कमोडमधलं पाणी पिवळं दिसलं की टाकी धुवा, पण आमची दोनदा धुवून झाली तरी आठ दिवसात परत तेच. शेवटी प्लंबरकाका म्हणाले बोअरचं ताजं पाणी पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवून बघा, भरताना काचेसारखं स्वच्छ होतं आणि सकाळी पिवळसर, तळाला तांबूस गाळ! म्हणजे लोह पाण्यातच, हवा लागली की गंजतं. फक्त सकाळचं पहिलं पाणी लाल येत असेल तर मात्र जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बघा. आम्ही आयर्न रिमूव्हल (पाण्यातलं लोह काढणारा) फिल्टर बसवला, डाग लिंबूफुलाने (सायट्रिक ॲसिडने) निघाले. ब्लीचिंगने ते उलट पक्के होतात, आणि ब्लीचिंगमध्ये कुठलंही ॲसिड तर चुकूनही ओतू नका, क्लोरीन वायू होतो, सासूबाई खोकत बाहेर पळाल्या होत्या.