आडनाव आधी की वाडा आधी? डॅनिश सरदारांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

डेन्मार्कच्या जुन्या सरदार घराण्यांवरच्या माझ्या लेखावर ‘एक जुना वाचक’ अशी सही करून तुम्ही लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितो आहे.

तुमचे आक्षेप दोन. डेन्मार्कच्या जुन्या सरदार घराण्यांची आडनावं सहसा त्यांच्या जहागिरींवरून पडलेली नाहीत, हे माझं विधान तुम्हाला पटलेलं नाही. निंबळकचे निंबाळकर होतात, मग रोसेनहोल्म वाड्यावरून तिथलं रोसेनक्रान्स घराणं का नाही, असं तुम्ही विचारता. दुसरा आक्षेप असा, की वाड्यांचं कौतुक करताना त्या जमिनी कसणारी कुळं मी लेखाबाहेर ठेवली.

रोसेनहोल्मचं उदाहरण तुम्हीच घेतलंत हे बरं झालं, कारण ते नेमकं उलट्या बाजूने साक्ष देतं. पंधराव्या शतकात या रोसेनक्रान्स घराण्यात ओट्टे नील्सेन, त्याचा मुलगा एरिक ओट्टेसेन आणि नातू नील्स एरिकसेन असे तीन मातब्बर पुरुष होऊन गेले. तिघांच्या नावापुढे फक्त बापाचं नाव, म्हणजे दर पिढीला ‘आडनाव’ बदलणार. घराणं ओळखायचं ते ढालीवरच्या चिन्हावरून. १५२६ साली राजा पहिला फ्रेडरिक याने सरदारांना कायमची आडनावं लावायला फर्मावलं, तेव्हा अनेकांनी ढालीवरचं चिन्हच नावात घेतलं. गिल्डेनस्टेर्नेंच्या ढालीवर सोनेरी तारा आहे आणि नावाचा अर्थही तोच. ट्रोले घराण्याच्या ढालीवर मुंडकं नसलेला राक्षस आहे. रोसेनक्रान्स हे नावही वाड्यावरून आलेलं नाही; ते रूढ झाल्यानंतर १५५९ साली योर्गेन रोसेनक्रान्सच्या हाती जटलंडमधली ‘होल्म’ नावाची जागा आली. तिथे त्याने वाडा बांधायला घेतला आणि तिला रोसेनहोल्म म्हणायला सुरुवात झाली. घराण्याने जागेला नाव दिलं, जागेने घराण्याला नाही.

गोंधळ का होतो तेही सांगतो. जुन्या डॅनिश कागदांत सरदाराच्या नावामागे ‘तिल’ लिहून त्याच्या जहागिरीचं नाव जोडलेलं असतं. ज्योतिर्विद टायको ब्राहे याचा बाप ‘ओट्टे ब्राहे तिल क्नुटस्टोर्प’. वरवर ते आपल्या ‘कर’सारखं दिसतं खरं, पण जहागीर विकली की ते शेपूट बदलायचं, आडनाव तेच राहायचं. टायकोचा जन्म क्नुटस्टोर्पच्या वाड्यातला, पण जग त्याला ब्राहे म्हणूनच ओळखतं. रांट्साऊ या सरदार घराण्याचं नाव मात्र गावावरूनच आलं आहे, तिथे तुमचं बरोबर आहे. पण ते घराणं मूळचं होल्श्टाइनचं, जर्मन चालीरीतीतलं. लेखात मी बोलत होतो ते मूळच्या डॅनिश घराण्यांबद्दल.

मालकावरून वाड्याचं नाव पडतं, याचं आणखी एक उदाहरण पाहा. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर न्यूबोर्गजवळ एक वाडा आहे. आधी त्याचं नाव कोग्सब्योले. तो उलफेल्ट घराण्याकडे असताना उलफेल्ट्सहोल्म झाला. १६१६ साली एलेन मार्स्विन या कर्तबगार बाईने तो विकत घेतला आणि तो एलेन्सबोर्ग झाला. १६७२ साली आयलर होल्कने घेतल्यावर होल्केनहाव्न. मालक बदलला की पाटी बदलली. यातल्या शेवटच्या बदलामागे १६७१ चा कायदा आहे. निरंकुश सत्ता हाती घेतलेल्या राजघराण्याने त्या साली काउंट आणि बॅरन ही पदं सुरू केली. काउंट व्हायचं तर २५०० ‘टोंदे हार्टकोर्न’ एवढी जमीन हवी, बॅरनसाठी १०००. हे माप नुसत्या क्षेत्रफळाचं नाही, जमिनीच्या कसाचं, ज्यावर सारा बसायचा. जहागीर वंशपरंपरागत, विकायची किंवा वाटायची सोय नाही, आणि पुरुषवंश खुंटला की परत राजाकडे.

इथे मी तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. २५०० टोंदे म्हणजे शेकडो कुळांची शेतं. ती कुळं खंड द्यायची, शिवाय मालकाच्या शेतावर वेठीला राबायची. १७३३ साली त्यात भर पडली: चौदा ते छत्तीस वयाच्या पुरुषाने आपल्या मालकाची जहागीर सोडून जायचंच नाही. सैन्याला माणसं मिळावीत आणि जमीनदाराला स्वस्त मजूर, असा तो दुहेरी हिशेब होता. पुढे ही वयोमर्यादा खाली चार वर्षांपर्यंत आली. चार वर्षांचं पोर जमिनीला बांधलेलं! हे वाचून चीड येते, आणि आलीच पाहिजे.

पण हे बंधन तोडायला पुढे आलेल्यांतही एक काउंटच होता. क्रिस्टियन डिटलेव रेवेंटलोव, लोलंड बेटावरचा मोठा जमीनदार. १७८६ च्या शेतीसुधारणा आयोगामागे त्याचा जोर होता, आणि २० जून १७८८ ला ते बंधन उठवण्याचा हुकूम निघाला. त्याचा भाऊ योहान लुडविग याने फ्यूनवरच्या आपल्या ब्राहेट्रोलेबोर्ग जहागिरीत कुळांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या जहागिरीच्या नावात ब्राहे आणि ट्रोले अशी दोन घराणी आहेत. बॅरनचा हा मान बिर्गिट्टे ट्रोले हिला, एका बाईला, मिळालेला. मालकी पुढे रेवेंटलोवांकडे गेली, पण या वेळी नाव बदललं नाही. म्हणून ‘सगळे सरदार सारखेच’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. रेवेंटलोव बंधू इतरांसारखे नव्हते, आणि त्यांना तेवढं श्रेय द्यायला हवं.

पुढचं थोडक्यात. १८४९ च्या राज्यघटनेने पदाला चिकटलेले खास हक्क काढले. १९१९ च्या कायद्याने जहागिरी खुल्या मालकीच्या झाल्या, पण त्या बदल्यात मालकांना जबर कर भरावा लागला आणि जमिनीचा मोठा वाटा छोट्या शेतकऱ्यांसाठी सोडावा लागला.

तुमची लेक कोपनहेगनला आहे, उन्हाळ्यात तुम्ही जाणार, तर काय बघावं असंही तुम्ही विचारलंत. रोसेनहोल्म जरूर बघा. फ्यूनवर एगेस्कोव बघा. १५५४ साली फ्रान्स ब्रोकेनहूसने तळ्यात ओकचे खांब रोवून त्यावर तो उभारला. आणि कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ वेस्टरब्रोगेड रस्त्यावर एक उंच दगडी स्तंभ आहे, तो चुकवू नका. तो कुळांच्या मुक्ततेचा आहे.