ब्रेक वेगळे मिळतील

गेल्या शनिवारी कॉलोराडोतल्या बर्थड पास या घाटातल्या पार्किंगमध्ये माझी डावी स्की मला न विचारता निघून गेली. मी वाकून बुटाच्या कड्या आवळत होतो. उजवी स्की बर्फात रोवलेली, डावी नुसतीच आडवी टाकलेली, आणि तिला उतार सापडला. चाळीसेक फूट गेली असेल. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने तिच्यावर पाय देऊन ती थांबवली, दोन्ही हातांनी उचलून आणून दिली आणि फार सभ्यपणे म्हणाली, "तुमच्या स्कीला ब्रेक नाहीत." मागून तिची आई आली. तिने एकदा स्कीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसून विचारलं, "पहिलाच सीझन का?"

सहावा. तसं मी सांगितलंही. पण लहान मुलीच्या हातून स्की परत घेत असताना माणूस काय सांगतो याला फारशी किंमत नसते.

स्की टूरिंग हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लिफ्ट नसलेला डोंगर शोधायचा, स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची (पूर्वी खरंच सीलचं कातडं वापरत, म्हणून तिला अजून 'स्किन' म्हणतात), तीन तास चढायचं आणि वीस मिनिटांत उतरून टाकायचं. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अजिंक्यताऱ्यावर जाऊन यायचं, पण येताना घसरत." याहून नेमकी व्याख्या मला अजून भेटलेली नाही.

यात चढताना टाच सुटी लागते आणि उतरताना बांधलेली. ऑस्ट्रियातल्या टायरोलचा फ्रिट्झ बार्टेल नावाचा एक इंजिनियर जड सामान ओढून वैतागला, आणि १९८० च्या दशकात त्याने बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी दोन पिनांनी धरणारं एक चिमुकलं बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा खटका) काढलं. आज जगभर लोक त्याच पिनांवर डोंगर चढतात. माझं बाइंडिंग तीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. इतकं हलकं कसं, तर त्यातून बऱ्याच गोष्टी काढून टाकल्या आहेत. त्यांतली एक ब्रेक. लिफ्टवाल्या साध्या स्कीला बूट सुटला की दोन बाजूंनी दोन दांड्या खाली येतात आणि स्की बर्फात रुतून बसते. इथे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ब्रेक वेगळे मिळतील. एसटीचं तिकीट फाडून झाल्यावर कंडक्टरने सांगावं, ड्रायव्हर वेगळा.

तर रविवारी सकाळी ब्रेक आणायला डेन्व्हरमधल्या एका दुकानात गेलो.

काउंटरवर पंचविशीचा पोरगा होता. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्याचा स्वर ऐकून मी त्याचं भाषांतर 'तू' असंच करणार आहे. "कंबर किती तुझी?" त्याने विचारलं.

"छत्तीस."

तो थांबला. "स्कीची. मिलिमीटरमध्ये."

स्कीची कंबर, म्हणजे मधली रुंदी, शहाण्णव. ब्रेक कंबरेएवढा किंवा थोडा जास्त रुंद हवा, म्हणजे मला शंभरचा. शंभरचे संपले होते. नव्वदचे होते, एकशेदहाचे होते. आठ नंबरच्या चपलेचं जे होतं तेच. नव्वदच्या दांड्या शहाण्णवच्या स्कीवरच टेकून बसतात, खाली जातच नाहीत. तो ब्रेक नव्हे, शोभेची वस्तू. एकशेदहा घेतला तर दोन्ही बाजूंना सात-सात मिलिमीटर बाहेर, कडेवर वळताना बर्फाला लागणार, नाहीतर शेजारच्या स्कीत अडकणार. "नव्वदचा घे," पोरगा म्हणाला, "व्हाइसच्या पकडीत धर आणि दांड्या जरा फाकव."

"वॉरंटी?"

"ती जाते," तो म्हणाला. जणू सासरी.

मग त्याने खालून एक वजनकाटा काढला, माझी बायको केकचा मैदा मोजते तसला. एक ब्रेक ठेवला: १०२. दुसरा ठेवला: ९८. "दोनशे ग्रॅम," तो गंभीरपणे म्हणाला. "पायावर. पायावरचा एक पौंड म्हणजे पाठीवरचे पाच." हे बोलताना त्याची नजर काट्यावरून माझ्या पोटावर आली आणि तिथे जरा रेंगाळली. दोनशे ग्रॅम म्हणजे दोन पुरणपोळ्या, तूप धरून. त्या पोळ्या मी सहा वर्षं डोंगरावर वाहून नेतोय, त्यांच्याबद्दल आजवर कोणी काटा काढला नव्हता.

आमच्या मामाच्या जीपचा हँडब्रेक मी पाचवीत असताना गेला तो गेलाच. सीटखाली एक काळा दगड असायचा. पसरणी घाट असो, खंबाटकी असो, मामा जिथे थांबेल तिथे मी आधी उडी मारायची आणि मागच्या चाकाला तो दगड लावायचा. मग मामा उतरणार, विडी पेटवणार, दरीकडे बघत उभा राहणार. चार-पाच किलोचा तो दगड निम्मा महाराष्ट्र हिंडला. त्याचं वजन कोणी केलं नाही आणि त्याला वॉरंटीही नव्हती.

असो. मी नव्वदचा ब्रेक हातात घेऊन उभा असताना मागून आवाज आला, "ब्रेक कशाला? दोरी लाव."

सत्तरीचा गृहस्थ होता. जॅकेटच्या कोपरांवर चंदेरी टेपची ठिगळं, हातात मेणाची एक वडी. तेवढी एक वडी घ्यायला आलेला, म्हणजे वेळच वेळ. दोरी म्हणजे बुटाला आणि बाइंडिंगला बांधायची बारीक तार. स्की सुटली तरी तुमच्यापाशीच राहते, वजन नगण्य.

"दोरी?" पोरगा म्हणाला. "आणि हिमकडा कोसळला तर? दोन्ही स्की नांगरासारख्या ओढून नेतील याला खाली."

'याला' म्हणजे मला.

"आणि दोरी नसली तर?" म्हातारा वडी काउंटरवर ठेवत म्हणाला. "हा पडला. स्की सुटली. तीन फूट भुसभुशीत बर्फ, स्की गडप. मग हा एका स्कीवर कमरेइतक्या बर्फातून चार मैल चालणार. अंधार पडलेला. काकडून जाणार हा."

"ब्रेक असला तर स्की राहते जागेवर."

"टणक बर्फात राहते. भुसभुशीत बर्फात ब्रेक कशाला अडणार? स्की आत पोहत जाते. मे महिन्यात सापडते."

"पण सुटा असला तर हा वर तरी राहायची शक्यता असते."

म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा?" तो म्हणाला. "हा तरंगणार नाही."

प्रत्येक गावात तिरडी कशी बांधायची यावर वाद घालणारे दोन अनुभवी गृहस्थ असतात. बांबू आधी की सुतळी आधी, डोकं कुठल्या बाजूला. तिथे निदान मेलेला माणूस मध्ये उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत नसतो. मी म्हणालो, "दोरीला एक नाजूक कडी असते ना? जोराचा हिसका बसला की तुटते ती."

दोघांनी प्रथमच एकत्र माझ्याकडे पाहिलं. प्रेताने मान हलवल्यासारखं.

"तुटते," म्हातारा म्हणाला.

"पार्किंगमध्ये तुटते," पोरगा म्हणाला. "हिमकड्यात तुटेल याची खात्री कोण देणार?"

"आणि ब्रेकमध्ये बर्फ गोठला, चढताना दांडी खाली पडली आणि दिवसभर खर्र खर्र करत फरफटली, तर याला मदत करायला तू येणार का?" मग म्हातारा माझ्याकडे वळला. आवाज एकदम मऊ, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा. "घरी कोण कोण आहे?"

"बायको. मुलगा."

त्याने विचार केला. "मग दोन्ही घे."

शिवाय बोलता बोलता त्याने कायदाही सांगितला: कॉलोराडोत १९७९ पासून कायदाच आहे, स्की एरियात (म्हणजे लिफ्टवाल्या डोंगरावर) उतरताना प्रत्येक स्कीला पट्टा किंवा सुटल्यावर थांबवणारं काहीतरी असलंच पाहिजे. हे त्याने अशा थाटात सांगितलं की मसुदा त्यानेच लिहिला असावा. मी स्की एरियात जात नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं.

आता इथवर हसलो, पण मला याचा खरोखर राग येतो. आधी ब्रेक काढून बाइंडिंग हलकं केलं म्हणून जास्त पैसे घ्यायचे, मग तोच ब्रेक परत बसवायला पुन्हा पैसे घ्यायचे, आणि वर ग्रॅमचा हिशेब दाखवून आपल्यालाच ओशाळं करायचं. आणि त्याहून जास्त राग 'पहिलाच सीझन का?' या वाक्याचा. माझ्या आधी काउंटरवर एक गोरा गृहस्थ होता. स्किन कुठल्या टोकाकडून चिकटवायची, हे तो विचारत होता. ऐकलं मी. त्याला पोरगा म्हणाला, "मस्त, यंदा कुठे कुठे गेलास?" आणि मला, माझी अंगावर ओरखडे असलेली स्की काउंटरवर आडवी पडलेली असताना, पहिल्या मिनिटात: "पहिलाच सीझन?" मी दात घासताना हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचतो. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), फावडं, सळई हे तिन्ही पाठीवर असल्याशिवाय गाडीतून उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी पैसे भरून कोर्स केला, त्यात पुरलेल्या पिशव्या उकरून काढल्या, बोटं बधिर होईपर्यंत. यातलं काही तोंडावर दिसत नाही. तोंडावर जे दिसतं ते बघून लोक विचारतात. बायको म्हणते, तू फार मनाला लावून घेतोस, ते सहज विचारतात. सहज विचारतात हे खरंच. पाच वर्षांपूर्वीही सहजच विचारायचे.

शेवटी एकशेदहाचे ब्रेक घेतले. नव्वदचे फाकवत बसण्यापेक्षा सात मिलिमीटर बाहेर बरे. शिवाय एक दोरीही घेतली. म्हातारा निघायचं नाव घेत नव्हता आणि त्याच्यादेखत नुसते ब्रेक घेऊन निघायची माझी हिंमत झाली नाही. ब्रेक सत्तर डॉलर, दोरी चाळीस.

गल्ल्यावर दुसरीच मुलगी होती. तिने दोन्ही खोकी स्कॅन केली आणि मान वर करून विचारलं, "पहिलाच सीझन का?"

मी तोंड उघडलं. सहा वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं, कोर्ससकट, बधिर बोटांसकट.

"नाही, विचारलं एवढ्यासाठी," ती म्हणाली, "नवीन टूरिंगवाल्यांना दहा टक्के सूट आहे."

एकशेदहाचे दहा टक्के अकरा. अकरा डॉलर.

"हो," मी म्हणालो. "पहिलाच."

मागून मेणाची वडी पुढे सरकली. "मला वाटलंच होतं," म्हातारा म्हणाला.